साथीचा सोबती

मराठींत 'साथ' हा शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. एकाच काळीं पुष्कळ लोकांना ग्रासणाऱ्या रोगास साथ म्हणतात. आणि गवयाच्या शेजारीं बसून तबलजी जें वाजवितो त्यासही साथच म्हणतात. श्वसनरोगांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे दोन अर्थ भाषेनें उगाच जवळ आणले नाहींत असें वाटूं लागतें. जगभर पसरणारा ज्वर पुष्कळदां एकटा येत नाहीं. त्यानें उघडून दिलेल्या दारानें दुसरा रोग आंत शिरतो, आणि अनेक रोग्यांचा प्राण घेतो तो हा दुसराच. त्या दुसऱ्यास ओळखण्याची धडपड, त्यालाच मुख्य आरोपी समजण्याची चूक, आणि पुढें मुख्य आरोपी सांपडल्यावर या सोबत्याकडे झालेलें दुर्लक्ष, अशी ही तीन अंकांची कथा आहे. तिचे धागे लंडन-न्यूयॉर्कपर्यंत पोंचतात. पण मुंबई आणि तिच्या शेजारचें पनवेल या टापूंतही ती तितकीच स्पष्ट वाचतां येते.

पनवेल हें जुनें बंदराचें गांव. इ. स. १८३० मध्यें बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी पाण्यानें पनवेलास उतरे व तेथून घाटाच्या वाटेस लागे. १८५२ सालींच येथें नगरपालिका स्थापन झाली. १८६३ मध्यें आगगाडी कर्जतमार्गें घाट चढून गेली आणि पनवेलची वर्दळ ओसरली. तरी मुंबईशीं असलेला त्याचा संबंध तुटला नाहीं. कोंकणांतील हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत कामास असत. त्यांचें एक बिऱ्हाड चाळींत, तर दुसरें गांवीं. मुंबईंत जें येई तें खाडीपलीकडे पोंचण्यास फार दिवस लागत नसत. औषधांच्या बाबतींत पनवेलचें नांव दूरवर झालें होतें. कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ मध्यें येथेंच धूतपापेश्वर औषधी कारखाना काढला होता. परंतु रोग्याचा बेडका घेऊन त्यांत कोणते जंतु आहेत हें पाहण्याची विद्या त्या काळीं तालुक्याच्या गांवांपर्यंत आलेली नव्हती. ती होती मुंबईंत, परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसांत. प्लेगवरील लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्यें तेथें आली. १९०६ मध्यें तिला 'बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' हें नांव मिळालें, आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊं लागली.

१९१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस महायुद्धावरून परतणारीं जहाजें मुंबई बंदरास लागत होतीं. १० जून रोजीं पोलिसांतील सात शिपाई तापानें इस्पितळांत दाखल झाले. त्यांत गोदीवर पहारा करणारा एक होता. ताप हिंवतापाचा नव्हता. पाहतां पाहतां गोदींतील मजूर, कचेऱ्यांतील कारकून आणि गिरण्यांतील कामगार आजारी पडूं लागले. रोग जहाजांतून आला असें मुंबई नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचें मत होतें. सरकारी बाजूस तें मान्य नव्हतें. हा वाद रंगला असतांनाच ती पहिली लाट ओसरली. लोकांना वाटलें, संकट टळलें.

तें टळलें नव्हतें. सप्टेंबरांत दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. त्या वर्षीं पावसानें दगा दिला होता, धान्य महाग झालें होतें, चारा नव्हता. मुंबईहून आगगाडीच्या मार्गानें ही लाट देशभर गेली. मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें गेलीं. संबंध हिंदुस्थानांतील मृत्यूंचा पहिला अंदाज एक कोटि वीस लाखांच्या घरांत होता. पुढील अभ्यासकांनीं तो पावणेदोन कोटींच्या आसपास नेला. जगांत इतर कोणत्याही एका देशास या साथीनें इतकें दुःख दिलें नाहीं.

या मृत्यूंत एक गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी होती. मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वर्षांची कर्तीं माणसें फार होतीं, आणि पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक होत्या. मुंबई शहरांत युरोपियनांमध्यें मृत्यूचें प्रमाण हजारीं ८.३ होतें, पारशांमध्यें ९. आणि तेव्हां हलक्या मानल्या गेलेल्या हिंदु जातींमध्यें तें हजारीं ६१.६ होतें. ज्वर सर्वांना सारखाच आला होता. मग एका घरांत माणूस आठवड्यांत उठून बसतो आणि दुसऱ्या घरांत त्याची तिरडी निघते, हें कां? उपासमार, अंधारी खोली, एका खोलींत निजणारीं आठ माणसें, तोंडांत पाणी घालण्यास कोणी नसणें, हीं सर्व उत्तरें खरींच आहेत. पण त्यांच्या आड आणखी एक उत्तर दडलें होतें. बहुतेक रोगी तापाच्या पहिल्या झटक्यानें मरत नव्हते. ताप येई, दोनतीन दिवसांनीं उतरल्यासारखा वाटे, आणि मग धाप लागे, बेडक्यांत रक्त दिसे, ओठ निळे पडत. आठवडा-दहा दिवसांत न्यूमोनिया रोग्याचा शेवट करी. इन्फ्लुएंझा आणि हा न्यूमोनिया, हे दोघे एकच होते कीं दोन?

त्या काळीं हें शोधण्याची एकच वाट होती. बेडक्याचा थेंब कांचेच्या पट्टीवर पसरावयाचा, वाळवावयाचा, डेन्मार्कचे ग्राम यांनीं १८८४ मध्यें शोधलेल्या रीतीनें रंगवावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरावयाचा. जंतूंचा आकार व रंग त्यांत दिसतो. मग त्याच बेडक्याचा अंश रक्त मिसळलेल्या खळीवर ठेवून उबेंत जंतूंची पैदास करावयाची. जर्मनीचे रिचर्ड फायफर यांनीं १८९२ मध्यें याच मार्गानें एक अतिसूक्ष्म दंडाकृति जंतु शोधून काढला होता आणि इन्फ्लुएंझाचें कारण तोच असें जाहीर केलें होतें. फायफर हे कॉख यांचे शिष्य. त्यांचा शब्द वजनदार होता. म्हणून १९१८ मध्यें जगांतील प्रत्येक प्रयोगशाळा फायफरचा जंतु शोधूं लागली.

तो कोठें सांपडला, कोठें सांपडला नाहीं. कोठें त्याऐवजीं न्यूमोनियाचा जोडगोल जंतु मिळाला, कोठें माळेसारखे दिसणारे जंतु मिळाले, तर कोठें हे तिघेही एकत्र नांदतांना आढळले. ज्यांना फायफरचा जंतु मिळाला नाहीं, त्यांचें तंत्र कच्चें असा ठपका येई. कारण हा जंतु रक्ताशिवाय वाढत नाहीं व हाताळण्यास नाजूक आहे. ज्यांना तो मिळाला, त्यांना तो धडधाकट माणसाच्या घशांतही मिळूं लागला, तेव्हां पंचाईत अधिकच वाढली. ब्रिटनच्या युद्धखात्यानें तर तिन्ही जंतूंची मिश्र लस तयार करून वाद बाजूस ठेवला. ट्यूनिसमध्यें शार्ल निकोल व लबाय्यी यांनीं १९१८ मध्येंच बेडका अतिसूक्ष्म गाळणींतून गाळला. जंतु गाळणींत अडकले, तरीही गाळलेल्या पाण्यानें रोग होतो असें त्यांना दिसलें. परंतु फायफरच्या नांवाच्या दबदब्यापुढें हा आवाज क्षीण पडला. घरांत चोर शिरले असतां शेवटीं जो हातीं लागला त्यालाच टोळीचा नायक समजावें, तसें शास्त्राचें झालें. जंतु खरे होते, त्यांनीं माणसें मारलीं हेंही खरें होतें. पण दार त्यांनीं फोडलेलें नव्हतें.

या कोड्याची उकल माणसावरून झाली नाहीं, डुकरांवरून झाली. अमेरिकेंतील रिचर्ड शोप यांनीं डुकरांच्या इन्फ्लुएंझाचा अभ्यास करून १९३१ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी डुकराच्या श्वासमार्गांतील द्रव गाळून निरोगी डुकरास दिला, तर त्यास सौम्य आजार होई. नुसता फायफरच्या जातीचा जंतु दिला, तर फारसें कांहीं होत नसे. पण दोन्ही एकत्र दिलीं, कीं गोठ्यांत दिसणारा तोच भयंकर रोग जसाच्या तसा उभा राही. दोन वर्षांनीं, १९३३ मध्यें, लंडनांत विल्सन स्मिथ, ख्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनीं रोग्यांच्या घशांतील गाळलेला द्रव फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकांत सोडून माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु सिद्ध केला. मुख्य आरोपी सांपडला. चौकशीस एकेचाळीस वर्षें लागलीं होतीं.

हे दोघे एकमेकांस साह्य कसें करतात, हेंही पुढें उलगडलें. श्वासनलिकेच्या अस्तरावर अतिसूक्ष्म रोमांची लव असते. वाऱ्यावर डोलणाऱ्या शेताप्रमाणें ती अखंड हलते आणि धूळ व जंतु घशाकडे परत ढकलते. विषाणु नेमकें हेंच अस्तर नासतो. मग ज्या जंतूंनीं नाकांत व घशांत महिनोन्महिने निरुपद्रवी भाडेकरूसारखे दिवस काढलेले असतात, ते मोकळ्या वाटेनें फुप्फुसांत उतरतात. १९१८ चें कोडें यामुळें बरेंचसें सुटलें. २००८ मध्यें अमेरिकेंतील मोरेन्स, टाउबेनबर्गर आणि फाउची यांनीं १९१८-१९ मध्यें मरण पावलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे पुन्हां तपासले. जंतुजन्य न्यूमोनियाच्या खुणा त्यांत सर्वत्र होत्या. आठ हजारांहून अधिक शवचिकित्सांचीं जुनीं टिपणेंही त्यांनीं चाळलीं. तींही हेंच सांगत होतीं. फायफर चुकले होते, पण निव्वळ चुकले नव्हते. त्यांनीं नायकाऐवजीं त्याच्या साथीदारास पकडलें होतें.

या सोबत्यावर औषध निघालें, त्यांतही एक मौज आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९२९ मध्यें पेनिसिलिनवर जो पहिला निबंध लिहिला, त्याच्या मथळ्यांतच फायफरच्या जंतूचा उल्लेख आहे. पेनिसिलिन इतर जंतूंना मारी, पण या जंतूस मारीत नसे. म्हणून फायफरचा जंतु वेगळा काढण्यासाठीं तें उपयोगी पडेल, असें त्या निबंधांत सुचविलें होतें. असा परीस त्यांच्या हातीं लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेनिसिलिन न्यूमोनियाचा काळ ठरलें. पनवेलहून निघून बोरघाट चढून गेलेला तोच जुना रस्ता पुण्याच्या अलीकडे पिंपरीवरून जातो. तेथें १९५४ मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला व पुढील वर्षीं देशांत पेनिसिलिन तयार होऊं लागलें. १९१८ मध्यें ज्या रोग्याचा सोबती ओळखूनही उपाय नव्हता, त्याच्या नातवाला कांहीं आण्यांत उपाय मिळूं लागला.

परंतु उपाय सोपा झाला, कीं निदानाची चाड कमी होते. हाच या कथेचा तिसरा अंक होय. २००९ मध्यें नव्या इन्फ्लुएंझाची जागतिक साथ आली. भारतांतील तिचा पहिला बळी ऑगस्टमध्यें पुण्यांत गेला. त्याच वर्षीं अमेरिकेंत या रोगानें मेलेल्या ७७ जणांच्या फुप्फुसांची तपासणी झाली, तेव्हां २२ जणांत जंतूंचाही संसर्ग आढळला. पेनिसिलिनच्या ऐंशीव्या वर्षींही सोबती पळालेला नव्हता.

मग २०२० सालचा मार्च महिना उजाडला. पनवेल आतां होड्यांची वाट पाहणारें गांव राहिलें नव्हतें. २०१६ मध्यें तेथें महानगरपालिका झाली होती. खारघर, कामोठें, कळंबोली या नव्या वसाहती तिच्या हद्दींत होत्या. पनवेलचें उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठीं राखून ठेवण्यांत आलें. कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांतही कोविडचे रुग्ण येऊं लागले. या वेळीं विषाणु अज्ञात नव्हता. चीनमध्यें रोग प्रकट झाल्यावर थोड्याच आठवड्यांत त्याची संपूर्ण जनुकरचना जगापुढें आली होती. नाकांतील काडीवर विषाणूचा लवलेश असला, तरी त्याच्या जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती काढून तो पकडणारी चांचणी भारतांत प्रथम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंत आणि पुढें जिल्ह्याजिल्ह्यांत होऊं लागली.

येथेंच एक उलटापालट झाली. १९१८ च्या सूक्ष्मदर्शकाखालीं विषाणूखेरीज सारें दिसत होतें. २०२० च्या चांचणींत त्या एका विषाणूखेरीज कांहींच दिसत नव्हतें. ही चांचणी आज्ञाधारक नोकरासारखी असते. ज्याचें नांव सांगावें त्यालाच ती शोधते, शेजारीं दुसरा कोणी बसला असला तरी ती सांगत नाहीं. अहवालावर 'पॉझिटिव्ह' असा शिक्का पडला, कीं रोग्याचा सारा खोकला, सारी धाप त्या एका नांवावर जमा होई. 'निगेटिव्ह' आला, कीं पुष्कळदां पुढील शोधच थांबे. कोंकणच्या पावसाळ्यांत डेंग्यू, हिंवताप, लेप्टोस्पायरोसिस आणि इन्फ्लुएंझा हे सर्व ताप एकाच दारानें येतात. म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयास ऑक्टोबर २०२० मध्यें खास मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. एक रोग सिद्ध झाला म्हणून दुसरा नाहीं असें धरूं नये, हें त्यांचें सार होतें.

या देशांतील सर्वांत जुना सोबती तर क्षय. दोहोंचें लक्षण खोकला व ताप हेंच. ऑगस्ट २०२० मध्यें केंद्र सरकारनें कोविडच्या रुग्णांत क्षयाची आणि क्षयाच्या रुग्णांत कोविडची लक्षणें पाहून तपासणी करण्याची दुहेरी पद्धति सांगितली. तिची निकड आकड्यांवरूनच दिसते. २०१९ मध्यें देशांत क्षयाचे सुमारें २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते; २०२० मध्यें हा आंकडा १८ लाखांवर आला. सहा लाख माणसें एका वर्षांत बरीं झालीं असें नव्हे. टाळेबंदी, भीति आणि एकाच रोगाकडे लागलेलें लक्ष यांमुळें त्यांची नोंदच झाली नाहीं. खोकणारा माणूस कोविडची चांचणी करून सुटकेचा निःश्वास टाकी, आणि त्याचा क्षय घरांतल्या घरांत लेकरांबाळांना वाटला जाई.

जंतूंच्या बाबतींत तर दुहेरी चूक झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यांतील दहा रुग्णालयांनीं २०२० मध्यें दाखल झालेल्या १७,५३४ कोविड-रुग्णांचा हिशेब २०२१ मध्यें प्रसिद्ध केला. जंतूंचा किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग त्यांपैकीं ३.६ टक्क्यांनाच झाला होता. म्हणजे सोबती विरळा होता. पण ज्यांच्या वाट्यास तो आला, त्यांपैकीं ५६.७ टक्के दगावले. एकंदर रुग्णांत हें प्रमाण १०.६ टक्के होतें. शिवाय हे जंतु १९१८ चे नव्हते. क्लेब्सिएला व ॲसिनेटोबॅक्टर हे त्यांत अग्रभागीं होते. हे बव्हंशीं रुग्णालयांतच वस्तीस असणारे, अनेक औषधांना दाद न देणारे जंतु आहेत. पूर्वीं सोबती रोग्याच्या घशांतूनच येई. आतां तो पुष्कळदां उपचाराच्या नळीवाटे आला.

याच्या उलट, जेथें सोबती नव्हता तेथेंही त्याच्यावर शस्त्र चाललें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ मध्यें जाहीर केलें कीं, रुग्णालयांत दाखल झालेल्या कोविड-रुग्णांपैकीं सुमारें ८ टक्क्यांनाच जंतुसंसर्ग होता. जंतुनाशक औषधें मात्र चारांपैकीं तिघांना दिलीं गेलीं. तपासणीचें काम गोळीवर सोंपविलें गेलें. गोळीनें विषाणु मरत नाहीं. पण शरीरांतील व रुग्णालयांतील जंतु तिच्याशीं झुंजण्यास शिकतात, आणि पुढच्या वेळीं खरोखर गरज पडेल तेव्हां ती गोळी मुकी होते. त्यांतच २०२१ च्या दुसऱ्या लाटेंत काळ्या बुरशीनें डोकें वर काढलें. मधुमेह आणि बेहिशेबी दिलेलीं स्टेरॉइडें यांनीं तिला वाट करून दिली. त्या वर्षाच्या जूनअखेर देशांत तिचे ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि अनेकांचा जीव वांचविण्यासाठीं डोळा काढावा लागला.

दोन साथींमधील या शंभर वर्षांत शास्त्राचीं साधनें कल्पनेपलीकडे वाढलीं. एकाच काडीवरून अनेक विषाणूंचा व जंतूंचा एकदम शोध घेणाऱ्या चांचण्या आज उपलब्ध आहेत. त्या महाग आहेत, आणि सांपडलेला प्रत्येक जंतु रोगाचें कारण असतोच असें नाहीं, हा १९१८ चा धडा त्यांनाही लागू आहे. म्हणून प्रत्येक खोकल्यास सर्व चांचण्या कराव्यात असें कोणताही विचारी वैद्य म्हणणार नाहीं. त्याला पाहावें लागतें तें एवढेंच: ताप उतरून पुन्हां चढला कां, खोकला दोन आठवडे लांबला कां, धाप वाढली कां. असें झालें असल्यास, पहिल्या नांवावर न थांबतां दुसरें नांव विचारावें, आणि औषध सुरू करण्यापूर्वीं बेडका प्रयोगशाळेकडे धाडावा. हा शेवटचा नियम परळच्या जुन्या प्रयोगशाळेंतील माणसांनाही ठाऊक होता.

१९१८ मध्यें पनवेलच्या एखाद्या रोग्याचा बेडका तपासावयाचा, तर तो खाडीपलीकडे परळास न्यावा लागला असता, आणि तेथें सोबत्याचें नांव कळूनही हातीं औषध नसतें. आज बेडका तपासण्याची सोय गांवांतच आहे, औषधही आहे. उणीव असलीच तर ती विचारण्याची आहे, आणि ती भरून काढण्यास रुग्णाच्या घरचीं माणसेंही समर्थ आहेत. ताप घेऊन दवाखान्यांत गेलेल्या वडिलांचा अहवाल हातीं आल्यावर, "याखेरीज दुसरें कांहीं नसेल ना? तें पाहिलें आहे कां?" एवढा प्रश्न त्यांनीं डॉक्टरांना नम्रपणें विचारला, तरी पुष्कळ आहे.